स्टेशन ते हायकोर्ट: जुन्या राजधानीच्या रस्त्याने एक सकाळ

नागपूर रेल्वे स्थानकाच्या पश्चिम दरवाजातून बाहेर पडल्यावर बहुतेक प्रवासी ऑटोरिक्षाच्या घोळक्यात शिरतात आणि आपण ज्या इमारतीतून बाहेर आलो तिच्याकडे मागे वळून पाहायचे विसरतात. सावनेरच्या वालुकाश्मात बांधलेल्या या इमारतीचे उद्घाटन १५ जानेवारी १९२५ रोजी मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते झाले. मी तेथूनच किंग्सवेने चालायला सुरुवात केली.

कस्तुरचंद पार्कवरून संविधान चौकात पोहोचायला फार वेळ लागत नाही. मी थांबलो तो झिरो माईलच्या स्तंभापाशी. हा भारताचा मध्यबिंदू असल्याचे आम्हा नागपूरकरांना लहानपणापासून सांगितले जाते. प्रत्यक्षात येथे १९०७ साली बसवलेला सर्वेक्षणाचा प्रमाण-दगड आहे आणि त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट नोंदलेली आहे. शेजारच्या स्तंभावर जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. ही चारही गावे आज मध्य प्रदेशात आहेत. मात्र १८६१ पासून १९५६ पर्यंत त्यांचा कारभार नागपुरातूनच चालत होता, हे लक्षात घेतले की या परिसरातील इमारतींचा थाट उलगडू लागतो.

जवळच गोवारी शहीद स्मारक आहे. हिवाळी अधिवेशनाच्या काळात, २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी निघालेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात पोलिसांच्या लाठीमारानंतर चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा जीव गेला, ज्यांत बायका-मुलेच अधिक होती. विधान भवन येथून हाकेच्या अंतरावर आहे. राजवैभवाच्या इमारती पाहायला आलेल्याने येथे दोन मिनिटे उभे राहावे, असे मला वाटते.

विधान भवन बाहेरूनच पाहावे लागते. अजब बंगला, म्हणजे १८६३ साली सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय, मात्र आतून पाहण्याजोगा आहे. मी सोमवारी गेलो आणि बंद दारावरून परतलो. त्या दिवशी साप्ताहिक सुटी असते, हे मला ठाऊक असायला हवे होते. दुसऱ्या दिवशी शिल्पे, शिलालेख आणि पेंढा भरलेले प्राणी पाहण्यात दोन तास सहज गेले.

आकाशवाणी चौक ओलांडला की उच्च न्यायालयाची घुमटाकार इमारत दिसते. हेन्री मेड या वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला आणि ६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी तिचे उद्घाटन केले. या संपूर्ण वाटेवर मला सर्वांत आवडली ती हीच, कारण तिच्यात भव्यता असूनही भपका नाही. छायाचित्र रस्त्यावरूनच घ्यावे.

मेट्रोने येणाऱ्यांनी झिरो माईल फ्रीडम पार्क स्थानकावर उतरावे. अधिवेशन चालू असताना बॅरिकेड्समुळे वाटा वळवल्या जातात, तेव्हा तो काळ टाळावा, आणि एप्रिल-मेमध्ये आलात तर नऊ वाजण्याच्या आत चालणे उरकावे. १८१७ ची लढाई पाहिलेला सीताबर्डीचा किल्ला या वाटेला जोडायचा असेल, तर २६ जानेवारी, १ मे किंवा १५ ऑगस्ट यांपैकी एक दिवस निवडावा, कारण लष्कराच्या ताब्यातील हा किल्ला एरवी सामान्यांसाठी उघडत नाही.