जी_ओपन: नाव एक, फाइल तीन तऱ्हेच्या

जीलिब या सी भाषेच्या लायब्ररीच्या सोर्समध्ये जी_ओपन हे फाइल उघडणारं फंक्शन शोधून वाचलं तर थोडी निराशाच पदरी पडते. लिनक्स आणि मॅकवर ते सरळ ओपन हा सिस्टिम कॉल करतं आणि मध्येच सिग्नल येऊन ईइंटर (‘काम मध्येच तुटलं’ ही चूक) मिळाला तर पुन्हा करतं. विंडोजवर यूटीएफ-८ मधलं नाव यूटीएफ-१६ मध्ये बदलून सी रनटाइमच्या (प्रोग्रॅमसोबत चालणाऱ्या सीच्या मूळ लायब्ररीच्या) _डब्ल्यूओपनच्या हाती देतं. बाकी काही नाही. फ्लॅग जसेच्या तसे खाली जातात. ओळ संपल्याची खूण, लॉक, फाइलचा आकार, डिस्कवर खरंच लिहिलं गेलं का, यातलं काहीही ते सांभाळत नाही. लायब्ररी क्रॉस-प्लॅटफॉर्म आहे म्हणून फाइलही तशीच वागेल असं धरून चालणाऱ्यांची फसगत इथूनच सुरू होते.

आधी नावाचं बघू, कारण मराठीत काम करणाऱ्याला पहिली ठेच तिथेच लागते.

विंडोजवर साधं एफओपन वापरलं की रनटाइम ते नाव एएनएसआय कोडपेजमधलं (युनिकोडआधीच्या, मोजक्याच लिप्यांच्या अक्षर-तक्त्यातलं) आहे असं समजतं. देवनागरीसाठी सिस्टिमला लावता येईल असं एएनएसआय कोडपेजच नाही. मराठी लोकेल फक्त युनिकोडवर चालतं. म्हणून जी_एफओपन आणि जी_ओपन वापरायचं आणि नाव कायम यूटीएफ-८ मध्ये द्यायचं. पण एवढ्याने भागत नाही. फाइलचं नाव कमांड लाइनवरून येत असेल तर मेन या पहिल्या फंक्शनला मिळणारं आर्गव्ही (कमांड लाइनवरच्या शब्दांची यादी) आधीच त्या कोडपेजमधून गाळून आलेलं असतं, आणि मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं बसलेली असतात. तुमच्या पहिल्या ओळीच्या आतच माहिती गेली, नंतर जी_ओपन काय करणार? त्यावर उपाय म्हणजे जी_विन३२_गेट_कमांड_लाइन. ते मूळ युनिकोड ओळ उचलून यूटीएफ-८ मध्ये देतं. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये (त्याच्यासोबतच्या माहितीपत्रात) यूटीएफ-८ हेच कोडपेज आहे असं जाहीर करता येतं, पण जुनी यंत्रं सांभाळायची असतील तर त्यावर विसंबू नये.

लिनक्सवर फाइलचं नाव म्हणजे नुसते बाइट. शून्य बाइट आणि तिरकी रेघ सोडून काहीही चालतं, ते वैध यूटीएफ-८ असायलाच हवं असंही नाही. खिडकीच्या शीर्षकात नाव दाखवायला जी_फाइलनेम_डिस्प्ले_नेम आहे, पण त्यातून आलेलं नाव परत जी_ओपनला देऊ नका. न कळलेल्या बाइटांच्या जागी त्याने दुसरंच चिन्ह घातलेलं असू शकतं, आणि मग यादीत दिसणारी फाइल उघडतच नाही.

आता ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. नेहमीच्या पद्धतीने लिहिला तर व, ऱ, हलन्त, ह, काना, ड अशी ६ युनिकोड चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट, एकूण १८. पण युनिकोडच्या नियमांनुसार ऱ हे चिन्ह साधा र आणि नुक्ता असं फोडता येतं. तसं फोडलं की ७ चिन्हं आणि २१ बाइट. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल सिस्टिमवर नावं अशी फोडूनच साठवली जातात. म्हणजे तुम्ही १८ बाइटांचं नाव देऊन फाइल बनवलीत आणि डिरेक्टरी वाचलीत तर परत २१ बाइट मिळतात, आणि बाइटशः तुलना करणारं एसटीआरसीएमपी म्हणतं ही फाइल वेगळी. मॅकची नवी फाइल सिस्टिम एपीएफएस दिलं तसं नाव ठेवते, मात्र शोधताना दोन्ही रूपं एकच मानते. लिनक्सची ईएक्सटी४ आणि विंडोजची एनटीएफएस असं काही मानत नाहीत. तिथे दोन्ही फाइली शेजारीशेजारी सुखाने नांदतात.

इथवरचं जी_यूटीएफ८_नॉर्मलाइझने निस्तरता येतं: तुलना करण्याआधी दोन्ही नावं एकाच रूपात आणायची. खरी मेख पुढे आहे. तोच अर्धा र साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) असाही लिहिता येतो, आणि कितीतरी जुन्या मजकुरात तो तसाच आहे. त्याचेही ७ चिन्हं, २१ बाइट, पडद्यावर तंतोतंत तेच ‘वऱ्हाड’. पण युनिकोडच्या लेखी ही जोडी समतुल्य नाही, म्हणून नॉर्मलाइझ करून काही उपयोग नाही. ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘सुऱ्या’, सगळ्यांची हीच गत. मराठी नावांच्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम लिहिणार असाल तर हा बदल तुलनेपुरता स्वतः करावा लागेल. फाइलचं मूळ नाव मात्र त्यासाठी बदलू नका, वापरणाऱ्याने दिलेलं नाव ही त्याची वस्तू आहे.

लांबीचा हिशेबही याच ३ बाइटांमुळे फिरतो. ईएक्सटी४ वर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं. काना, मात्रा, हलन्त प्रत्येकी वेगळं मोजायचं. एनटीएफएसवर मर्यादा यूटीएफ-१६ च्या २५५ एककांची आहे, त्यामुळे तिथे अख्खा ठराव नावात मावतो. आपल्याकडे परिपत्रकाचा पूर्ण विषय फाइलला नाव म्हणून देण्याची पद्धत पाहता हे पुस्तकी उदाहरण नव्हे. पूर्ण फाइल एकदम लिहिणाऱ्या जी_फाइल_सेट_कंटेंट्सबद्दल पुढे बोलायचं आहे. ते मूळ नावाला एक टिंब आणि सहा अक्षरं जोडून तात्पुरती फाइल बनवतं, म्हणजे आणखी ७ बाइट. आता ८२ चिन्हं आणि पुढे ‘डॉट टीएक्सटी’चे ४ बाइट असं नाव घ्या: २५० बाइट. फाइल उघडते, वाचता येते, आणि जतन करताना मात्र २५७ बाइट होऊन ईनेमटूलाँग (‘नाव फार लांब’ ही चूक) येतो. ‘वाचता येते पण सेव्ह होत नाही’ अशी तक्रार आली की लोक परवानग्या तपासत बसतात. आधी नाव मोजा.

विंडोजचा दुसरा सापळा टेक्स्ट मोडचा. जी_ओपनला ओ_बायनरी (‘बाइट जसेच्या तसे ठेव’ हा फ्लॅग) दिलं नाही तर रनटाइम लिहिताना प्रत्येक ०ए बाइटाआधी (ओळ संपल्याच्या खुणेआधी) ०डी घुसवतो, वाचताना ०डी-०ए चा एकच ०ए करतो आणि १ए हा बाइट दिसला की फाइल संपली असं ठरवतो. पीएनजी चित्राचे पहिले ८ बाइट मुद्दाम याच खोडी पकडण्यासाठी रचलेले आहेत: ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए. टेक्स्ट मोडमध्ये लिहिले तर ८ चे १० होतात. वाचले तर त्यातले ५ च हाती येतात, कारण ०डी गळतो आणि १ए वर वाचन थांबतं. युनिक्सवर ओ_बायनरी हे नावच नसतं, म्हणून फाइलच्या माथ्यावर ‘नसेल तर शून्य’ अशी व्याख्या करून टाकायची आणि सगळीकडे तो फ्लॅग द्यायचा, साध्या मजकुराच्या फाइलींनाही. ओळींच्या शेवटाचं काय करायचं ते तुमच्या कोडने ठरवावं, रनटाइमने नव्हे.

वाचण्या-लिहिण्यासाठी जीलिबमध्ये जी_रीड, जी_राइट असं काही नाही. डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) मिळाल्यावर रीड आणि राइट तुमचे तुम्ही करायचे. राइटने सांगितले तेवढे सगळे बाइट लिहिलेच पाहिजेत असं बंधन नाही. म्हणून लूप लागतो: परत आलेली संख्या ऋण असेल आणि एररनो (शेवटच्या चुकीचा क्रमांक) ईइंटर असेल तर तसंच पुन्हा, दुसरी कुठली चूक असेल तर बाहेर, नाहीतर तेवढ्याने पॉइंटर पुढे, शिल्लक कमी, आणि चालू. एका दमात किती द्यायचं यालाही तीन घरचे तीन कायदे आहेत. लिनक्स एका राइटमध्ये २,१४७,४७९,५५२ बाइटांपेक्षा जास्त घेत नाही, पण निमूटपणे तेवढे लिहून आकडा कळवतं. मॅक इंटच्या कमाल मर्यादेपेक्षा मोठी मागणी सरळ नाकारतं, ईआयएनव्हीएएल (‘मागणीच चुकीची’) देऊन. विंडोजवर तर संख्येचा प्रकारच ३२ बिटी आहे. एका वेळी १ जीबीच्या आत तुकडे पाडले की हे तिन्ही मिटतं. विंडोजवर ६४ बिटी प्रोग्रॅममध्येही लाँग ३२ बिटीच असतो, म्हणून फाइलमधली जागा बदलणारं एफसीक आणि ती सांगणारं एफटेल २ जीबीपुढे टेकतात. फाइलची माहिती देणाऱ्या जी_स्टॅटला साधा स्ट्रक्ट स्टॅट न देता जीस्टॅटबफच द्यायचा, तोही याच भानगडीसाठी: दोघांच्या आकारात फरक असला की शेजारची मेमरी तुडवली जाते.

डिस्क्रिप्टर हा विंडोजवर कर्नलचा नसतो, सी रनटाइमच्या तक्त्यातला नुसता एक क्रमांक असतो. जीलिबचा डीएलएल एका रनटाइमवर बांधलेला आणि तुमचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर, असं असलं की जी_ओपनने दिलेला ३ तुमच्या रीडच्या तक्त्यात दुसराच कोणीतरी असतो किंवा कोणीच नसतो. जी_एफओपनच्या फाइल पॉइंटरचं तर आणखी वाईट, तिथे थेट क्रॅश. इलाज एकच: सगळं एकाच टूलचेनने (कंपायलर आणि त्याच्या रनटाइमने) बांधा.

बंद करताना जी_क्लोज वापरा. लिनक्सवर क्लोजने ईइंटर दिला तरी डिस्क्रिप्टर सुटलेला असतो. पुन्हा क्लोज केलं आणि तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडला तोच क्रमांक मिळाला असेल तर त्याची फाइल तुम्ही बंद केलीत. जी_क्लोज हे जाणून पुन्हा प्रयत्न करत नाही. त्याने दिलेली बाकी चूक मात्र वाचाच. एनएफएसवर (नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमवर) कोटा संपल्याची बातमी कधीकधी क्लोजलाच येते.

हे सगळं वाचून वाटेल की एवढं कोणी करावं. पूर्ण फाइल एकदम लिहायची असेल तर करूच नये, जी_फाइल_सेट_कंटेंट्स_फुल वापरावं, ते २.६६ पासून आहे. ते शेजारी तात्पुरती फाइल बनवतं, लूपमध्ये लिहितं, एफसिंक करतं (मजकूर मेमरीतून डिस्कवर उतरवतं), बंद करतं आणि मूळ नावावर रीनेम करतं. वीज गेली तर जुनी पूर्ण किंवा नवी पूर्ण, अर्धवट नाही. एफसिंक गाळून नुसतं रीनेम केलं तर काय होतं ते २००९ मध्ये ईएक्सटी४ नवं असताना लोकांनी भोगलं: नाव बदलल्याची नोंद डिस्कवर पोचली, मजकूर अजून मेमरीतच होता, आणि क्रॅशनंतर शून्य बाइटांच्या फाइली राहिल्या. नंतर कर्नलमध्येच या प्रसंगासाठी तजवीज झाली, पण ती एका फाइल सिस्टिमची मेहेरबानी आहे, नियम नाही.

फ्लॅग तीन. कन्सिस्टंट म्हणजे वर सांगितलेली हमी. ड्युरेबल त्यापुढे जाऊन रीनेमनंतर डिरेक्टरीलाही एफसिंक करतं, म्हणजे फंक्शन परतलं की नवीच फाइल टिकणार. ओन्ली_एक्झिस्टिंग म्हणजे फाइल आधी असेल तरच ही काळजी घ्या. जुनं साधं जी_फाइल_सेट_कंटेंट्स पहिला आणि तिसरा मिळून चालतं, त्यामुळे पहिल्यांदा बनणाऱ्या फाइलीला संरक्षण नसतं. हिशेबाच्या नोंदींसाठी मी तिसरा कधी देणार नाही. थंबनेलच्या कॅशसाठी तिन्हीची गरज नाही, शून्य द्या.

या पद्धतीची किंमतही आहे. नवी फाइल ही खरोखर नवी असते, म्हणून हार्ड लिंक (त्याच फाइलची दुसरी नावं) तुटतात, सिमलिंकच्या (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नावाच्या) जागी साधी फाइल बसते आणि जुन्या परवानग्या जाऊ शकतात. साधं फंक्शन ०६६६ ने, म्हणजे सगळ्यांना वाचता-लिहिता येईल अशा परवानगीने, फाइल बनवतं. युमास्क (परवानग्यांतून वजा होणारा आकडा) ०२२ असेल तर ०६४४, म्हणजे लिहिणं फक्त मालकाला. पासवर्ड असलेली ०६०० ची, म्हणजे फक्त मालकाची, फाइल एकदा सेव्ह केल्यावर यंत्रावरच्या सगळ्यांना वाचता येऊ लागते, कुठलीही चूक न दाखवता. अशा वेळी जी_फाइल_सेट_कंटेंट्स_फुलला मोड म्हणून ०६०० स्पष्ट द्या.

स्वतः एफसिंक करायचं असेल तर जी_एफसिंक, २.६४ पासून. मॅकवर साधं एफसिंक डिस्कच्या आतल्या कॅशपर्यंतच पोचवतं. खरं खाली उतरवायला एफ_फुलएफसिंक लागतं आणि जी_एफसिंक ते वापरतं. आणि ईआयओ (डिस्कवर लिहिताना आलेली चूक) आला तर पुन्हा जी_एफसिंक करून ‘झालं’ म्हणू नका. लिनक्सवर अपयशानंतर मेमरीतली ती न लिहिलेली पानं स्वच्छ (लिहून झालेली) मानली जाऊ शकतात आणि दुसरा कॉल यशस्वी दिसतो. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या लोकांना हे २०१८ मध्ये चांगलंच महागात पडलं. सगळा मजकूर हाताशी ठेवून नव्या फाइलीत पहिल्यापासून लिहा.

विंडोजवर शेवटचा अडसर रीनेमचा. युनिक्सवर कोणी फाइल उघडून बसलं असलं तरी रीनेम होतं, त्याच्या हाती जुनी फाइल राहते. विंडोजवर ज्याने फाइल उघडली त्याने पुसायची मुभा दिलेली नसेल तर रीनेम अडतं, आणि सी रनटाइमच्या ओपनमधून ती मुभा दिली जात नाही. अँटिव्हायरस किंवा शोध-अनुक्रमणी क्षणभर फाइल धरते आणि तुम्हाला ‘परवानगी नाकारली’ दिसतं. २०-३० मिलिसेकंद थांबून पाच-सहा वेळा प्रयत्न केला की बहुतेक सुटतं. सुटलंच नाही तर आधी स्वतःच्याच कोडमध्ये शोधा: त्याच फाइलीवर जी_मॅप्ड_फाइल (फाइल थेट मेमरीत जोडून वाचण्याची सोय) उघडं असेल तर विंडोज ती बदलू देत नाही. लिनक्सवर तेच मॅपिंग चालू असताना कोणी फाइल जागेवरच छाटली तर नाहीशा झालेल्या पानाला हात लावताच सिगबस हा जीवघेणा सिग्नल येतो आणि प्रोग्रॅम जागीच मरतो.