हात वर

२६ जून, रात्री साडेदहा

पाऊस सुरू, लाइट नाही, मेणबत्तीच्या उजेडात लिहितेय.

संध्याकाळी कॉलनीच्या रहिवासी संघाची मीटिंग होती. विषय पाण्याच्या टाकीचा. उठता उठता अध्यक्ष म्हणाले, यंदा निवडणूक कशाला, काम चांगलं चाललंय, हीच समिती राहू दे. कुणाची हरकत? नाही ना? मग करा हात वर. सगळ्यांचे गेले, माझाही गेला. लगेच कचोऱ्या आल्या.

घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, काल पन्नास वर्षं झाली."

आणीबाणी लागली तेव्हा मी आठ वर्षांची. आईला आठवतो तो 'नईदुनिया', इंदूरचा हिंदी पेपर. संपादक राहुल बारपुते, म्हणजे आपल्यातलेच, मराठी. निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी ठेवून पेपर आला. आईला वाटलं छपाईत घोळ झाला. बाबा सरकारी नोकरीत. त्यांनी पेपराची घडी केली, गादीखाली सारली आणि ऑफिसला गेले. त्यावर घरात अवाक्षर नाही. कॉलेजात असताना मी बाबांना डरपोक म्हणायचे. आज तो शब्द तोंडातून निघाला नसता.

शेजारच्या काकांना 'मिसा'खाली, म्हणजे खटल्याशिवाय कोंडून ठेवायच्या कायद्याखाली, उचललं आणि गल्लीने त्या घराकडे पाठ फिरवली. आई माझ्या हाती डबा द्यायची, पोळ्या आणि लसणाची चटणी. "मागच्या दाराने जा." काही आठवड्यांनी म्हणाली, "आज पुढून जा." काय बदललं होतं, ते तिला आजही सांगता येत नाही. "कंटाळा आला गं, मागून जायचा," एवढंच.

भाचा फोनवर सारखं म्हणतो, मावशी, देश हुकूमशाहीकडे चाललाय, आपण काय करणार? मी त्याला सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती खन्नांचं सांगते. जबलपूरचा तो खटला, २८ एप्रिल १९७६. पाचांपैकी चौघे म्हणाले, आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही कोर्टात दाद मागता येणार नाही. खन्ना एकटेच विरोधात गेले. सरन्यायाधीशपद हुकलं; त्यांचं बरोबर होतं हे सुप्रीम कोर्टाने म्हणायला २०१७ उजाडलं. पण खरं सांगू, खन्ना आपल्या आवाक्यातले नाहीत. मला जास्त जवळची वाटतात ती मार्च १९७७ची माणसं. एकवीस महिने गप्प बसली, काहींनी तर शेजाऱ्यांना ओळखही दाखवली नाही, आणि मग मध्य प्रदेशातल्या ४० जागांपैकी काँग्रेसच्या हाती एकच ठेवली. बाबाही त्यातलेच असणार. त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

पण ते जमलं, कारण निवडणूक झाली. ती आधी दोनदा पुढे ढकललीच होती. आणि मी आज एका कचोरीवर ती सोडून आले. कॉलनीची का असेना.

अध्यक्षांना पत्र लिहिलंय, चार ओळींचं: माझा हात मागे घेते, सभेच्या इतिवृत्तात तशी नोंद करावी, निवडणुकीची तारीख कळवावी. लिहिताना छाती धडधडत होती, हसू पण येत होतं. पाण्याच्या टाकीवाल्या माणसाला इतकं घाबरायचं?

परवा त्यांच्याच बायकोकडून विरजण आणलंय. वाटी परत करायची राहिलीये. उद्या वाटी आणि पत्र एकदमच देऊन येते.