दाब, धर, सोड

शुक्रवार, रात्री

पुढची दोन्ही चाकं उतरवली. गाडी स्टँडवर आहे, जुने कॅलिपर, म्हणजे डिस्कला पॅडच्या चिमटीत धरणारे भाग, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेत. कामाचे नाहीत, पण टाकवतही नाहीत.

माझ्या ट्रायम्फ स्पिटफायरवर, या जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स कारवर, काम करताना एक सुख असतं. तिचं बोनेट म्हणजे मडगार्डांसकट अख्खं नाकच, ते पुढे उलटतं. मग टायरवर बसा आणि निवांत इंजिन खोला. तिचा डिझायनर मिकेलोट्टी, त्याने १९५९ च्या ट्रायम्फ हेरल्डलाही हेच केलं होतं. त्याच चासीवर आखूड बेतून १९६२ मध्ये स्पिटफायर आली. ही हेरल्ड आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड नावाने बनायची. अप्पांकडे साताऱ्यात एक होती, राखाडी. त्यामुळे इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत आल्यावर लोक मला ‘ही गाडी कुठे सापडली’ विचारायचे तेव्हा गंमत वाटायची. ट्रायम्फचा कॅनलीचा कारखाना इथलाच. १९८० च्या ऑगस्टमध्ये शेवटची स्पिटफायर तिथून निघाली. आता त्या जागी ऑफिसं आहेत आणि एका रस्त्याचं नाव हेरल्ड अ‍ॅव्हेन्यू.

माझी १९७३ ची, मार्क फोर, १२९६ सीसी. दारांखालच्या सिल्सचा पत्रा गेल्या वर्षी वेल्डरकडून बदलून घेतला. तो खर्च आठवायचा नाही.

शनिवार

ब्रेकचा प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळत होता. खरं सांगायचं तर या गाडीचे मूळचे ब्रेक वाईट नाहीत. पुढे ९ इंची डिस्क, मागे ७ इंची ड्रम, आणि गाडी जेमतेम आठशे किलोची. नवे पॅड, नवे होज, ताजं ब्रेक ऑइल, चांगले टायर, एवढं केलं तर निम्म्याहून जास्त तक्रारी मिटतात. वीस वर्षं जुन्या रबरी होजवर मोठे कॅलिपर चढवणारे लोक मला कळतच नाहीत.

तरी मोठे बसवतोय, कारण पुढची गाडी आजची असते. तिला एबीएस आहे, ती जागच्या जागी थांबते, आणि मागून मी येतोय हे तिला माहीत नसतं. शिवाय उतारावर सारखे ब्रेक मारले की लहान डिस्क तापून पॅडची पकड सुटते.

सोपा मार्ग घरातच आहे. स्पिटफायरची दांडगी बहीण जीटी६, दोन लिटरचं सहा सिलिंडरचं जड इंजिन वाहणारी. तिला ९.७ इंची डिस्क आणि गर्लिंग कंपनीचे मोठे, १६ नंबरचे कॅलिपर. चाक पेलणारी उभी लिंक आणि हब तिचेच घेतले की सगळं बोल्टने बसतं, कापाकापी नाही, मूळची १३ इंची चाकंही वरून चालतात. उद्या कोणाला गाडी जशीच्या तशी हवी असेल तर परत मागे फिरता येतं. मला हे महत्त्वाचं वाटतं.

मागचे ड्रम मात्र मुद्दाम तसेच ठेवले. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागचा भाग हलका होतो. तिथे जोर वाढवला तर मागची चाकं आधी लॉक होणार, आणि स्विंग अ‍ॅक्सलच्या, म्हणजे मागची चाकं अ‍ॅक्सलसकट झुलणाऱ्या गाडीची शेपूट ओल्या रस्त्यावर एकदा सुटली की आवरणं कठीण. नवे लायनर घातले, बस. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून हवेने उडवलं नाही. ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधून टाकलं.

संध्याकाळी अप्पांचा फोन.

“खालच्या पितळी सांध्याला ग्रीस मारलंस का?”

“अप्पा, त्या सांध्याला, ट्रनियनला, ग्रीस नाही, गिअर ऑइल लागतं. नव्वदचं.”

“आमचा मिस्त्री ग्रीसच मारायचा.”

“आणि तुमचं चाक कुठे निखळलं होतं?”

पलीकडे शांतता. मग, “लिंबच्या फाट्यावर. पण ते रस्त्यामुळे.”

वाद इथेही तोच आहे, फक्त इंग्रजीत. ग्रीस आतल्या आट्यांपर्यंत पोचत नाही, लिंक आतून गंजते आणि वळणावर मोडते. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणून दोन्ही जोड्यांवर खडूने खूण केली.

रविवार

आजचा दिवस पाइपांचा. या गाडीला ब्रेकचं सर्किट एकच, म्हणजे एक पाइप फुटला की चारी चाकांचे ब्रेक गेले आणि हातात राहिला हँडब्रेक. त्यामुळे जुना लोखंडी पाइप एकही ठेवायचा नव्हता. तांबं-निकेलचा ३/१६ इंची पाइप हाताने छान वाकतो आणि गंजत नाही. तोंड फुलवायचं काम नाजूक. कड कानशीने सपाट, कापल्यावर आत उरलेली बर, म्हणजे धारदार कड, काढलेली, आणि नट आधी पाइपात ओवलेला. नट इंची आटेच हवेत. मिलिमीटरवाला नट दोन फेरे बिनबोभाट आत जातो, हाताला बरोबरच वाटतो, आणि तिथेच घात होतो.

कॅलिपर बसवताना हवा काढायचं निपल वरच्या अंगाला आहे ना, ते पाहिलं. डावे-उजवे अदलाबदल झाले तर निपल खाली येतं आणि हवा जन्मात निघत नाही.

मग हवा काढायला लेकीला सीटवर बसवलं. पेडलचा दाब तेलाला देणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबचं चाक आधी.

“दाब.”

“दाबलं.”

“धर.” निपल अर्धा फेरा सैल, नळीतून बुडबुडे बाटलीत. आवळलं. “सोड.”

“बाबा, पाय दुखतोय. तू ते हवा खेचायचं मशीन का नाही घेत?”

“घेऊ.” घेणार नाही. ती दहावीत जाईपर्यंत तरी मशीन घरातच आहे.

पेडल आधीपेक्षा थोडं जास्त खाली जातं. कॅलिपरचे पिस्टन मोठे, मास्टर सिलिंडर तोच, म्हणून जास्त तेल ढकलायला पाय जास्त चालतो. मोठा मास्टर लावला तर पेडल वर येईल, पण मग पायाला जोर जास्त लागेल. सर्व्हो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारं यंत्र, नसलेल्या गाडीत मला हलकं आणि लांब पेडलच बरं वाटतं.

अंधार पडायच्या आत नवे पॅड मुरवायला मागच्या रिकाम्या रस्त्यावर नेली. ताशी तीस मैलांवरून हळू ब्रेक, मग थोडा जोरात, मध्ये डिस्क थंड होऊ द्यायची, असे बरेच फेरे. आधी पॅडचा जळका वास आला, मग गेला. शेवटच्या फेऱ्यांत गाडी सरळ थांबली, स्टिअरिंग कुठे ओढलं नाही.

इन्शुरन्सवाल्यांना बदल कळवायला उद्या फोन करायचा. हँडब्रेकची केबल अजून थोडी ताणायला हवी.