वासोटा: वाघ सोडून बाकी सगळं

पुण्याहून ग्रुपबरोबर वासोट्याला जायचं ठरलं तेव्हा माझ्या धाकट्या भावाची एकच अट होती: वाघ दिसला पाहिजे. किल्ल्याचं दुसरं नाव व्याघ्रगड, त्यात जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये हा प्रकल्प झाला. वाघ दिसला नाही, हे आधीच सांगून टाकते.

रात्री पुणे सोडलं की पहाटे सातारा, पुढे कास पठारावरून बामणोली. हे कागदावर. आमच्या ग्रुपवाल्यांनी चहाच्या दोन थांब्यांत तास घालवला आणि बामणोलीला पोचेपर्यंत साडेनऊ वाजले. तिथे वनखात्याची परवानगी, ओळखपत्रांच्या झेरॉक्स, बोटीचा नंबर. या रांगेत किती वेळ जाईल ते आपल्या हातात नसतं. मुक्काम गडावर करता येत नाही, संध्याकाळच्या आत जंगलाबाहेर पडावंच लागतं. त्यामुळे सकाळी घालवलेला तास थेट गडावरच्या वेळेतून वजा होतो. जाहिरातीत 'वासोटा-नागेश्वर' होतं (नागेश्वर म्हणजे जवळच्या सुळक्यातलं गुहेतलं शिवमंदिर), आमच्या वाट्याला नुसता वासोटा आला. दोन्ही एका दिवसात हवं असेल तर पहिल्या बोटींत बसाल अशा बेतानेच निघा, आणि पैसे भरण्याआधी 'बामणोलीला किती वाजता?' हे स्पष्ट विचारा.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून सव्वा तासाचा बोटप्रवास. फेब्रुवारीत पाण्यावरचा वारा कान कापतो, कानटोपी घ्याच. धरण झालं तेव्हा या खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. आमचे बोटवाले काका एका ठिकाणी हात करून म्हणाले, "आमचं शेत हितं खाली." बोटीतली गाणी त्यानंतर आपोआप थांबली.

पलीकडे मेट इंदवलीला वनखात्याची चौकी. इथे सॅक उघडून प्लॅस्टिक मोजतात: बाटल्या, वेफर्सची पाकिटं, बिस्किटांचे पुडे. यादी होते, अनामत घेतात, परत येताना तेवढंच दाखवायचं. डबा कापडात बांधून आणलात तर निम्मा वेळ वाचतो.

ओढ्यापाशी मारुती-गणपती आहेत, तिथून चढ सुरू. दोन तास धरा. वाट दाट सावलीतून जाते, दमछाक होते पण ऊन लागत नाही. बरोबर एक स्थानिक वाटाड्या मामा होते. ग्रुपचा लीडर पुढे शिट्ट्या मारत पळाला, मी आणि भाऊ मामांबरोबर मागे राहिलो. सबंध दिवसातला हा सगळ्यात शहाणा निर्णय. उकरलेलं वारूळ दाखवत मामा म्हणाले, "अस्वल. रात्रीचंच काम हाय." ओल्या मातीत गव्याचे खूर उमटले होते, भावाच्या तळहातापेक्षा मोठे. मग मामांनी हात वर करून थांबवलं. वर फांद्यांत खडखड झाली आणि तांबूस-काळी झुपकेदार शेपटी एका झाडावरून दुसऱ्यावर गेली. शेकरू! पुढचे चाळीस जण त्याच झाडाखालून बडबडत गेले होते. गर्दीत प्राणी दिसत नाहीत. मागे राहा, भडक कपडे टाळा, आणि मामांना बोलतं करा. ऑक्टोबरात गेलात तर जळवांसाठी मीठ किंवा तंबाखू जवळ ठेवा.

गडावर शिरताच बिनछपराचा मारुती भेटतो. पुढे वाड्याचे अवशेष, पाण्याची टाकी, महादेवाचं छोटं देऊळ. बांधकाम फारसं उरलेलं नाही, पण इतिहास भरगच्च. राजापूरच्या वखारीतले इंग्रज शिवकाळात इथे कैदेत होते. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने हा गड पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध काही महिने लढवला. 'तेलिण मारी सोटा' ही ओळ त्यावरूनच आली. 1818 मध्ये इंग्रजांनी समोरच्या 'जुना वासोटा' नावाच्या डोंगरावर तोफा चढवून मारा केला आणि गड घेतला. हे सगळं बाबूकड्याच्या टोकाला उभं राहून ऐकावं. जुना वासोटा तिथून इतका अंगावर येतो की तोफांचं वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. कड्याला कठडा नाही. सेल्फीवाल्यांना मामांनी दोनदा दटावलं, तिसऱ्यांदा मी.

उत्तरेच्या माचीवरून नागेश्वरचा सुळका दिसला. जायचं राहिलं ते तिथेच, असं भाऊ तीनदा म्हणाला.

पाणी माणशी तीन लिटर तरी हवं. टाक्यातलं पाणी असतं, पण मी त्यावर विसंबणार नाही. रोख पैसे ठेवा, मोबाईलला रेंज धरू नका, आणि बामणोलीत निघतानाच जेवण सांगून ठेवा. परतल्यावर गरम पिठलं-भाकरी तयार मिळते; न सांगितलेल्या ग्रुपला त्या दिवशी पोह्यांवर भागवावं लागलं.

उतरल्यावर चौकीवर आमच्या यादीत एक वेष्टन कमी भरलं. गार्डसाहेब हलेनात, खाली बोटवाले काका हाका मारत होते. दहा मिनिटं सगळ्यांच्या सॅका उलट्यापालट्या केल्यावर चिक्कीचा कागद भावाच्या खिशात सापडला.