रेखमिरेच्या थडग्यातली परांची

इजिप्तमधल्या अबू सिंबेलसाठी पहाटे चारला निघालो आणि तिथे मिळाला जेमतेम दीड तास. कड्यातच कोरलेले, बसलेले चार रामसेस, म्हणजे त्या राजाचे चार पुतळे, प्रत्येकी सुमारे वीस मीटर उंच. 'फोटो काढा, आत बघा, गाडीत बसा.' त्या गाईडची घाई मला अजून खुपते. इतक्या लांब येऊन त्या चेहऱ्यांकडे शांतपणे पाहताही येऊ नये? वेरूळला कैलासासमोर अख्खी दुपार बसून काढणारी माणसं आम्ही.

हे असले पुतळे घडवले कसे, हा माझा खरा प्रश्न मात्र असवानला सुरू झाला. तिथल्या ग्रॅनाइटच्या खाणीत एक अर्धवट ओबेलिस्क, म्हणजे टोकदार माथ्याचा अखंड दगडी स्तंभ, आडवा पडलाय, ४२ मीटर लांब, खालून अजून कातळाला चिकटलेला. तडा गेला म्हणून सोडून दिलेला. त्याच्या भोवतीच्या चरात भिंतींवर उथळ खळगे आहेत, ओळीने, एकाशेजारी एक. हे छिन्नीचे घाव नव्हेत. त्या काळी लोखंडाची हत्यारं नव्हती आणि तांब्याची छिन्नी ग्रॅनाइटवर बोथट होते. म्हणून डोलेराइट या कठीण दगडाचे गोल धोंडे हातात धरून कातळ नुसता ठेचायचा. देवळांपुढचे ग्रॅनाइटचे प्रचंड पुतळेही असेच ठेचून घडवले, मग वाळू आणि दगडांनी घासून गुळगुळीत केले.

तिथल्या रखवालदाराने तसला एक धोंडा माझ्या हातात दिला आणि बाजूला पडलेल्या दगडाकडे बोट केलं. नारळापेक्षा मोठा, चांगलाच जड. मी पन्नासेक ठोके घातले असतील. मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या आणि दगडावर उरली चिमूटभर गुलाबी भुकटी. शंभर वर्षांपूर्वी या ओबेलिस्कभोवतीचा राडारोडा उपसणाऱ्या पुरातत्त्वज्ञ रेजिनाल्ड एंगलबाखनेही हे करून पाहिलं होतं. तासाभराच्या ठोक्यांत त्याची मजल पाचेक मिलिमीटरवर थांबली. लहानपणी आजीच्या पाट्याला टाकी लावायला बाई यायची, तिच्या छिन्नीचा टकटक आवाज आठवला. तिच्या हातात पोलाद तरी होतं.

असवान ते लक्सर बोटीचा प्रवास छान झाला, त्याबद्दल एवढंच.

लक्सरच्या पश्चिम तीरावर सकाळी रामेसियम, म्हणजे रामसेस दुसऱ्याचं देऊळ पाहिलं. त्याचा पुतळा तिथे तुकडे होऊन पडलाय. अखंड असताना हा पुतळा सुमारे हजार टनांचा होता, म्हणतात. दगड असवानचाच, नदीवरून आणलेला. त्याच्या खांद्याशेजारी उभी राहिले तर मी अगदीच चिमुकली. मन मात्र असवानच्या त्या खळग्यांतच अडकलेलं.

दुपारी शेख अब्द अल-कुर्नाच्या टेकडीवर रेखमिरेचं थडगं पाहायला गेले. हा तिसऱ्या थुटमोस राजाचा वजीर, म्हणजे साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. राजांच्या थडग्यांकडे रांगा, इथे मी एकटी. आतल्या लांब दालनाचं छत आत जाल तसं उंच होत जातं, आणि डाव्या भिंतीवर कारागीर भेटतात. सुतार, सोनार, विटा पाडणारे, आणि पुतळे घडवणारे!

मध्ये उभा राजा. त्याच्याभोवती लाकडी काठ्या दोरांनी आवळून बांधलेली परांची. आमच्या सोसायटीच्या रंगकामाला बांबू बांधतात ना, थेट तशी. तीवर माणसं चढलेली, मातीच्या रंगाच्या अंगाची, कमरेला पांढरं आखूड वस्त्र. कोणी हातातल्या गोल दगडाने ठोकतोय, कोणी घासतोय. एक जण रंगाची पाटी आणि कुंचला घेऊन पुतळ्याच्या पाठीशी. शेजारी बसलेला राजा, पुढे स्फिंक्स, दोघांच्याही अंगाखांद्यावर माणसं. देवळात ज्याच्यापुढे लोक मान झुकवणार, त्याच्यावर हे बिनधास्त चढलेत, कारण अजून तो त्यांचा आहे.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अबू सिंबेलला आलं नव्हतं.

किती वेळ गेला कळलं नाही. परांचीच्या काठ्या मोजत होते, दोनदा चुकून परत मोजल्या. मागे पावलं वाजली. म्हटलं, झाली आता बंद व्हायची वेळ. रखवालदार काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, थोडा वेळ तेही त्या माणसांकडे बघत राहिले. मग दाराकडे हात करून त्यांनी चहाचं विचारलं, "शाय?"