बायकांची गोळी नाही म्हणे

"मॅडम, मेडिकलवाला म्हणाला, ही गोळी बायकांची नाही."

एवढं बोलून ती गप्प. शेजारी बसलेली सासू खिडकीबाहेर बघायला लागली. घडी घालून घालून चिठ्ठीचे कोपरे फाटले होते, आणि टॅडालाफिल, म्हणजे पुरुषांच्या लैंगिक तक्रारींसाठी लोकांना माहीत असलेली गोळी, काही घेतलेलीच नव्हती.

आधीच निदानाला उशीर. दम लागतो म्हणून कित्येक महिने रक्तवाढीच्या गोळ्या चालल्या होत्या. शेवटी कॅथेटर घालून फुप्फुसाच्या धमनीतला दाब मोजला. सरासरी २० मिमी पाऱ्याच्या वर गेला की तो जास्त धरतात. हिचा त्याच्या कितीतरी पुढे.

युरोपातल्या हृदय आणि श्वसनविकार तज्ज्ञांच्या २०२२ च्या गाइडलाइन्स अशा पेशंटसाठी स्पष्ट आहेत. एका गोळीवर वाट बघत बसू नका, अँब्रिसेंटान (हीसुद्धा फुप्फुसातला दाब कमी करणारी गोळी) आणि टॅडालाफिल सुरुवातीपासून जोडीनेच द्या. बरोबरच आहे. पण काउंटरवरच्या पोराच्या हसण्याचं काय करायचं, हे कुठल्या तक्त्यात बसणार? आणि अँब्रिसेंटान चालू असताना दिवस राहता कामा नयेत, हे लग्नाला दोन वर्षंही न झालेल्या सुनेला सासूसमोर कसं सांगायचं? (सासूला बाहेर बसवलं. थोडी रागावली.)

टॅडालाफिल फुप्फुसातल्या रक्तवाहिन्याही सैल करते, हे दुकानदाराला फोनवर सांगितलं. "असं होय!" म्हणाला बिचारा. चिठ्ठीवर मराठीत ठळक लिहिलं: फुप्फुसातल्या रक्तदाबासाठी.

फार्मसीवाले मित्रहो, अशी चिठ्ठी आली तर डॉक्टरला एक फोन कराल ना?