तुम्ही विचारलंत म्हणून: सोसेल असा डबा

"वैनी, पोराला सोसंल असा पावडरीचा डबा कुठला तो द्या."

दापोलीजवळच्या हर्णैच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी काउंटरवर ऐकू येतं. विचारणारी बहुतेक वेळा आजी असते. सून घरी, बाळ रात्रभर रडलेलं, आणि ही मासळीच्या लिलावावरून परतताना ओल्या पदरानेच दुकानात आलेली. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी येतात, तेव्हा प्रश्न तोच असतो, फक्त मराठी बदलतं. "ताई, हा सूट होत नाहीये त्याला, दुसरा कुठला देऊ?" असं म्हणत मोबाईलवर डब्याचा फोटो पुढे येतो. हल्ली रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवरही विचारणा होते. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते.

कंपनीचं नाव मी सांगत नाही. त्याचं एक कारण कायदा. बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, विक्री वाढावी म्हणून आमिष दाखवायचं नाही, असा १९९२ चा कायदा आहे आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. बिस्किटाच्या पुड्यावर गुटगुटीत पोर चालतं, पण या डब्यावर ना बाळाचं चित्र असतं ना आईचं, हे कधी लक्षात आलंय का? तेही त्याच कायद्यामुळे. तरी "ताई, आमचा माल जरा पुढच्या फळीवर ठेवा की" म्हणणारे बॅगवाले येतात ते येतातच. त्यांना मी चहा पाजते आणि डबे मागच्या फळीवर ठेवते.

दुसरं कारण असं की नाव सांगून फारसा उपयोग नसतो. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाचे जे साधे एक नंबरचे डबे असतात, त्यांत काय आणि किती असावं याची चौकट सरकारने आखून दिलेली आहे. थोडंफार इकडेतिकडे असतं, पण एका साध्या डब्यावर रडणारं पोर दुसऱ्या साध्या डब्यावर शांत झोपलं, असं क्वचितच होतं.

हे मला शहाणपणाने कळलेलं नाही. माझा थोरला आता कॉलेजात आहे. त्याच्या वेळी बाळंतपणात रक्तस्राव होऊन मी पंधरा दिवस इस्पितळात पडून होते. दूध आलं ते उशिरा आणि अपुरं. डॉक्टरांनी वरचं दूध म्हणून पावडर सुरू केली. महिन्याभरात पोराची शी खड्यासारखी घट्ट झाली, पोट टम्म, आणि दिवेलागणीला जे रडायला सुरुवात व्हायची ते पार जेवणं उरकेपर्यंत. मी डी. फार्म. झालेली बाई, पण तीन आठवड्यांत तीन डबे बदलले. तिसरा तर लॅक्टोज (दुधातली साखर) नसलेला, तोही कुणालाही न विचारता. सासूबाईंनी सहाण धुऊन वेखंड, मुरडशेंग, जायफळ उगाळायला घेतलं. आत्तेसासूबाईंनी निरोप धाडला, शेळीचं दूध द्या.

मग माझी आई आली चार दिवस राहायला. ती बोलत काही नाही, नुसती बघते. तिसऱ्या दिवशी बाटली भरताना म्हणाली, "हा चमचा कुठला गं?"

आमच्या घरात पावडरीचे रिकामे डबे कुणी टाकत नाही. फळीवर ओळीने उभे असतात, एकात आमसुलं, एकात सोडे, एकात जिरं. त्यातला एक डबा जाऊबाईंच्या मुलांच्या वेळचा, त्यांच्या भावाने आखातातून आणलेला. त्याचा चमचा लांब दांड्याचा, हाताला बरा. नव्या डब्यातला चमचा पावडरीत खोल रुतलेला असतो, तो शोधत बसण्यापेक्षा सगळेजण हाच वापरत होते. डबे तीन बदलले, चमचा एकच राहिला. आईने तो धुऊन पदराला पुसला आणि मी शेजारच्या सोनाराच्या काट्यावर नेला. आमच्या डब्याचा चमचा सपाट भरला तर पावडर साडेचार ग्रॅमच्या आसपास. या लांब दांड्याच्या चमच्यात सहाच्या वर. आणि सासूबाई, "पोराच्या पोटात जाऊ दे चार घास" म्हणून, वर शीग लावायच्या. पोर महिनाभर दाट कढण पीत होतं. त्याला पाणी कमी पडत होतं, म्हणून शी घट्ट आणि म्हणून ते रडणं. माप बदललं, आठवड्यात शी मऊ झाली. सोनाराने मात्र वर्षभर मला "काय वैनी, सोनं का पावडर?" म्हणून पिडलं.

म्हणून हल्ली कुणी डबा बदलायला आलं की मी आधी म्हणते, घरचा चमचा आणून दाखवा. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं लिहिलेलं असतं, पण ज्याचा डबा त्याचाच चमचा. पाणी आधी मोजून घ्यायचं, मग पावडर. चमचा भरला की सुरीच्या पाठीने सपाट करायचा, दाबायचा नाही. उलटी चूकही, म्हणजे पावडर कमी घालणं, मी पाहिलेली आहे, आणि ती जास्त वाईट. चार किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ६०० मिली दूध लागतं (किलोमागे १५० मिली धरायचं), म्हणजे वीस चमचे. ४०० ग्रॅमचा डबा साडेचार दिवसांत संपतो, महिन्याला सहा-सात डबे. पावसाळ्यात जून-जुलैला होड्या बंद असतात तेव्हा घरात पैसा नसतो, मग पाच चमच्यांच्या जागी तीन पडतात. पोर दिसायला शांत, पण वजन हलत नाही. कुणी कबूल करत नाही, मीही रागावत नाही. गावातल्या आशा कार्यकर्तीच्या कानावर घालते आणि आईचं दूध वाढवायच्या मागे लागते. दिवसातून दोनदा जरी बाळ अंगावर घेतलं तरी डबा तेवढा लांबतो, आणि वारंवार ओढलं तर दूध वाढतंही.

आता "सोसत नाही" म्हणजे नेमकं काय होतं, हे मी विचारते. उत्तरं ठरलेली. "दूध पिऊन झालं की गुळणी टाकतो." चौथ्या महिन्याच्या सुमाराला हे सगळ्यात जास्त असतं, वर्षाच्या आत बहुतेकांचं थांबतं. बाळ खुशीत आहे, वजन वाढतंय, तर धुणं वाढतं, बाकी काही नाही. पाजताना डोकं वर ठेवा, ढेकर काढा, एका वेळी थोडं कमी द्या. "शी हिरवी होते." पावडरीत लोह घातलेलं असतं, त्याने रंग हिरवट होतो, बिघडलेलं काही नसतं. "संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन किंचाळतो." हे रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याला कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. यात एक गंमत आहे. रडणं थांबतं त्या वेळी घरात जो डबा असतो, त्याला श्रेय मिळतं. म्हणून आमच्या वाडीत प्रत्येक आजी वेगळ्या डब्याची शपथ घेते, आणि एकही खोटं बोलत नाही.

बाटलीचं बूच (निपल) पण बघते मी. बाटली उलटी धरली की थेंब थेंब पडावं. धार लागली तर पोर गटागटा गिळतं, सोबत वारा गिळतं, मग पोट फुगणारच. बाटली जोरात घुसळून फेस आणला असेल तर तो बसेपर्यंत थांबा. खरं तर बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा जुनं बोंडलं (चोचीची छोटी वाटी) बरं. घासून उकळायला सोपं, कोपऱ्यात काही साचत नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. पावसात विहिरी गढूळ होतात आणि नळालाही तेच पाणी. पावडर स्वतः निर्जंतुक नसते, हे फार लोकांना ठाऊक नसतं. डब्यावर बहुधा "उकळून कोमट केलेलं पाणी" असं लिहिलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना मात्र पाणी सत्तर अंशांच्या खाली जायच्या आत पावडर घाला म्हणते, म्हणजे खळखळून उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत. मग बाटली थंड पाण्याच्या तपेल्यात धरून निववायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचा. केलेलं दूध दोन तासांत संपवायचं आणि उष्टं उरलेलं ओतून द्यायचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं, त्यानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. फ्रीज बंद, आणि सकाळी भरलेली बाटली दुपारी पाजल्याने जुलाब लागलेली दोन पोरं त्या आठवड्यात मी पाहिली. दोघांच्याही घरचे डब्यालाच दोष देत होते.

लॅक्टोजबद्दल माझं मत जरा तिखट आहे. "बाळाला लॅक्टोज चालत नाही" हे वाक्य आता केळशीपासून दाभोळपर्यंत पोचलंय. आईच्या दुधात दर १०० मिलीला सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज असतं, गाईच्या दुधात पाचाच्या आतच. जन्मापासून ते न पचणारी बाळं फार फार विरळा. खरी वेळ येते ती सडकून जुलाब झाल्यावर. आतड्याचं अस्तर सोललं जातं, पाचक रस काही दिवस आटतो, शी पाण्यासारखी, आंबट वासाची, ढुंगण लालभडक. अशा वेळी डॉक्टर काही आठवड्यांपुरता लॅक्टोज नसलेला डबा देतात. अडचण पुढे असते. तो थांबवायला कुणी सांगत नाही, किंवा सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. जुलाब जानेवारीत झाले आणि मी जूनमध्ये तोच डबा देतेय, असं एकदा झालं. चूक माझीही होती. आता पहिल्या डब्यावरच मी पेनने तारीख घालते, "या दिवशी डॉक्टरांना दाखवणे". अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तर लॅक्टोजच्या नावाने तोडूच नका.

याहून वेगळी गोष्ट म्हणजे गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी. शीमध्ये रक्ताचे धागे, अंगावर न हटणारा खरबरीत पुरळ, पुन्हा पुन्हा उलट्या, वजन अडलेलं. हे काउंटरवर ठरवायचं काम नाही. इथे लॅक्टोज काढून काही होत नाही, कारण भांडण साखरेशी नसतं, प्रथिनाशी असतं. यासाठी प्रथिनं पार बारीक तोडलेली पावडर मिळते. चवीला कडसर, वासाला उग्र, किमतीला साध्याच्या कित्येक पट. "अंशतः" तोडलेल्या प्रथिनांचे, पोटाला हलके म्हणून विकले जाणारे डबे वेगळे. त्यांनी एखाद्या बाळाची शी मऊ होते, पण ॲलर्जीवर ते चालत नाहीत. हा फरक डब्यावर बारीक अक्षरात असतो, माझ्याकडे भिंग आहे. सोयाचा डबा सहा महिन्यांच्या आत डॉक्टर सहसा देत नाहीत. आणि आत्तेसासूबाईंचं शेळीचं दूध? त्यातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती की ॲलर्जीचं पोर तिथेही अडकतं. शिवाय त्यात फोलेट (रक्त तयार व्हायला लागणारं जीवनसत्त्व) अगदी थोडं असतं. गाई-म्हशीचं दूध पाणी घालून देणं हाही उपाय नाही, त्याने प्रथिनं उतरतात पण लोह कुठून येणार?

गुळणीसाठी तांदळाच्या पिठुळाने दाट केलेली पावडर मिळते. वजन अडलं असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं तर देते, एरवी नाही. बाळगुटीवर सासूबाईंशी माझं कधी पटलं नाही. सहाणेवरचं पाणी कुणी उकळत नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. मध मात्र वर्षाच्या आत नकोच, त्यावर मी भांडलेही.

हिरवी किंवा धार मारून उलटी, शीमध्ये रक्त, पोट ताठ, ताप, बाळ मलूल, दिवसाला लंगोट सहापेक्षा कमी ओले, यातलं काही सांगितलंत तर मी डबा देत नाही, रिक्षा बोलावते. दापोलीला चला म्हणते. बाकीच्यांना डॉक्टरांनी डबा बदलायला सांगितलाच, तर एकदाच बदला आणि निदान आठवडा-दोन आठवडे तोच चालू ठेवा. ॲलर्जीचा डबा असेल तर दोन ते चार आठवडेही लागतात. रोज शी कशी झाली ते कॅलेंडरवर लिहा, आमच्याकडे भिंतीवर असतंच ते.

आणि डबा संपला की धुऊन घ्या, आमसुलं भरा, सोडे भरा, काहीही भरा. चमचा तेवढा मोडून टाका.